५२ आठवडे शांत बसलेला खडक अचानक आंबट का झाला?

सडबरीची_सांगलीकर

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची. गेली सहा वर्षं कॅनडात, ऑन्टारियोमधल्या सडबरीला एका प्रयोगशाळेत काम करते. खाणीतून निघालेल्या टाकाऊ खडकाला दर आठवड्याला अंघोळ घालायची आणि अंघोळीचं पाणी तपासायचं, हे माझं काम. नवरा म्हणतो, आपल्याकडे देवांना अभिषेक असतो, तुझ्याकडे दगडांना. तर तसंच.

डब्यात १ किलो खडक असतो, ६.३ मिलिमीटरपेक्षा बारीक फोडलेला. तीन दिवस कोरडी हवा, तीन दिवस दमट हवा आणि सातव्या दिवशी ५०० मिलिलिटर शुद्ध पाणी. खाली जे पाणी उतरतं त्याचा पीएच, सल्फेट, धातू वगैरे मोजायचे. ह्याला ह्युमिडिटी सेल म्हणतात. डोंगराएवढ्या ढिगात वर्षानुवर्षं काय होईल त्याची डब्यातली रंगीत तालीम समजा.

माझ्याकडे असे चौदा डबे आहेत. त्यातल्या नऊ नंबरने मला छळलंय. खडक उत्तर ऑन्टारियोतल्या एका सोन्याच्या प्रकल्पाचा आहे (नाव सांगता येणार नाही). हिरवट, पायराइटचे ठिपके असलेला (पायराइट म्हणजे लोह-गंधकाचं सल्फाइड खनिज, हवा-पाणी लागलं की आम्ल तयार करतं). सल्फाइडमधलं गंधक ०.५५ टक्के. म्हणजे आम्ल तयार करण्याची कुवत टनाला १७.२ किलो कॅल्शियम कार्बोनेटएवढी. उलट बाजूला सोबेक पद्धतीने काढलेली आम्ल मारण्याची कुवत टनाला २९ किलो. गुणोत्तर १.७ च्या आसपास. फार सुरक्षित नाही, पण आम्लापेक्षा त्याला मारणारं जास्त आहे हे तरी नक्की. निदान मला असं वाटत होतं.

पहिले ५२ आठवडे पीएच ७.२ ला खिळून होता. सल्फेट लिटरला १७० मिलिग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम १०८. इतकं कंटाळवाणं की मी नोंदवहीत नुसतं ‘तेच’ लिहायला लागले होते. ५३व्या आठवड्यात ६.६. मग दोन-तीन आठवडे ५.७ ला रेंगाळला. ५८व्या आठवड्यात ४.४, आणि तेव्हापासून आज ६६व्या आठवड्यापर्यंत ४.३ ते ४.५ च्या मध्येच. ॲल्युमिनियम आधी जवळपास नव्हतंच, ते आता लिटरला ४ मिलिग्रॅम आहे.

साहेबांना विचारलं तर ‘ॲल्युमिनियम बफर’ एवढे दोन शब्द बोलून ते मीटिंगला निघून गेले. माझे प्रश्न असे:

एक, २९ मधले किमान १२ किलो शिल्लक असायला हवेत. मग पीएच का पडला?
दोन, पडलाच तर ४.४ ला अडकला का? थेट २ पर्यंत का नाही गेला?

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, भूगर्भशास्त्राची नाही. खनिजांची नावं घेताना थोडं सांभाळून घ्या.

---

निवृत्त_खाणकरी

प्रश्न छान मांडलात. आकडे दिलेत म्हणून आणखी छान. नाहीतर इथे लोक ‘पाणी लाल येतंय, काय करू’ एवढंच विचारतात.

मी ३१ वर्षं खाणींच्या डंपांवर, म्हणजे टाकाऊ खडकाच्या ढिगांवर फिरलो, आता नागपुरात नातवाला फिरवतो. पीएचला आम्ही शाळेत सामू म्हणायचो. सवय जात नाही, तेव्हा मी सामूच म्हणणार.

आधी आईच्या स्वयंपाकघरात चला. सांगलीला ओटा कडाप्प्याचा होता की ग्रॅनाइटचा? कडाप्प्याचा असेल तर लिंबू चिरून तसंच ठेवल्यावर पडलेला पांढरट डाग आठवत असेल. तो डाग म्हणजे तुमचा ह्युमिडिटी सेल. कडाप्पा हा काळा चुनखडक. लिंबाच्या आम्लाने त्याचा पापुद्रा खाल्ला आणि त्या बदल्यात आम्ल मेलं. शहाबादी फरशीचं तेच, संडास धुवायचं ॲसिड सांडलं की फसफसते. ग्रॅनाइटच्या ओट्यावर मात्र लिंबू रात्रभर ठेवा, सकाळी दगड जसाच्या तसा. आता सांगा, ग्रॅनाइट आम्ल मारत नाही का? मारतो. त्यातला फेल्डस्पार आणि काळा अभ्रक आम्ल खातात. पण तुमच्या-माझ्या आयुष्यात दिसेल इतक्या वेगाने नाही.

तुमचा २९ चा आकडा ही भेळ आहे. सोबेक पद्धत १९७८ ची. दगडाची पूड आम्लात गरम करायची आणि किती आम्ल उरलं ते मोजायचं. गरम, तीव्र आम्लात कडाप्पाही बोलतो आणि ग्रॅनाइटही थोडाफार बोलतो. डब्यातल्या थंड पाण्यात ग्रॅनाइट गप्प बसतो. टनाला २९ किलो हा साठा झाला. पायराइट आठवड्याला आम्ल तयार करतो तो वेग. साठा आणि वेग एकमेकांतून वजा करता येत नाहीत. घरात चार पोती ज्वारी आहे, पण दळायला रोज मूठभरच मिळते. पाहुणे रोज वीस. पोती शिल्लक असतानाच लोक उपाशी उठणार.

आता तुमचेच आकडे घेऊन बसू. कॅल्शियम लिटरला १०८, पाणी अर्धा लिटर, म्हणजे आठवड्याला ५४ मिलिग्रॅम. ५२ आठवड्यांचे २.८ ग्रॅम. हे सगळं कॅल्साइटमधून (चुनखडकातलं कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) आलं असं धरलं तर कॅल्साइट अडीच पट, म्हणजे ७ ग्रॅम. एक किलो दगडातले ७ ग्रॅम, ०.७ टक्के. मी पैज लावतो, तुमच्या दगडात कॅल्साइट तेवढाच होता, फार तर थोडा जास्त, आणि ५२व्या आठवड्यात तो संपला. तुमच्या २९ किलोंतले खरे चपळ फक्त ७.

गंधकाकडे बघा. सल्फेट १७०, अर्ध्या लिटरात ८५ मिलिग्रॅम, त्याचा तिसरा हिस्सा गंधक. ५२ आठवड्यांत साधारण दीड ग्रॅम. डब्यात होतं साडेपाच ग्रॅम. म्हणजे गंधक अजून चौथ्या हिश्शाच्या थोडंसंच पुढे गेलंय आणि कॅल्साइटचा कारभार आटोपला.

आता एक गंमत. पुस्तकाच्या हिशेबाने एक टक्का गंधकाला टनाला ३१.२५ किलो कॅल्शियम कार्बोनेट लागतं. त्या दराने तुमच्या दीड ग्रॅमला ४.६ ग्रॅम पुरायला हवे होते. गेले मात्र ७. बाकीचे २.४ कुठे गेले? ३१.२५ चा आकडा धरतो की कार्बोनेटचा एक रेणू दोन आम्ल-आयन मारतो आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. हे सामू ६.४ च्या खाली. त्याच्या वर, ७.२ ला, बहुतांश कार्बोनेट बायकार्बोनेट होऊन पाण्याबरोबर निघून जातं, एकच आयन मारून. अर्धी तलवार म्यानातच. शिवाय दर आठवड्याला तुम्ही शुद्ध पाणी ओतता, ते काहीही कारण नसताना थोडा कॅल्साइट विरघळवून नेतं. म्हणून माझा दुसरा अंदाज: त्या ५२ आठवड्यांतली अल्कलिनिटी, म्हणजे उतरलेल्या पाण्यातली आम्ल मारण्याची ताकद, लिटरला ९० मिलिग्रॅमच्या आसपास असणार. वही काढून बघा. गुणोत्तर किमान दोन हवं असं नियमावल्या म्हणतात त्यामागे हे एक कारण आहे. अनेकांना ते नुसतं ‘जास्तीची खबरदारी’ वाटतं.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. सामू जिन्यासारखा उतरतो, घसरगुंडीसारखा नाही. कॅल्साइट आहे तोवर ६.५ ते ७.५. लोहाचं कार्बोनेट, सिडेराइट, असेल तर ४.८ ते ६.३ ची एक पायरी. मग ४ ते ४.५ ची, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची. मग अडीच ते साडेतीनची, लोहाच्या हायड्रॉक्साइडची. तुमच्याच सडबरीजवळ निकेल रिम म्हणून जुनी खाण आहे. तिथे दळलेल्या गाळाच्या साठ्यात खोलीनुसार ही पायरी न् पायरी मोजलेली आहे. शनिवारी गाडी काढून जाऊन या, लांबून का होईना.

ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड म्हणजे काय हे तुम्ही पाहिलेलं आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की तासाभराने तळाशी जो पांढरट भुरा बसतो, तोच. तुमच्या दगडात तो आधी नव्हता. वर्षभर सामू ७ ला होता तेव्हा क्लोराइट, अभ्रक, फेल्डस्पार गुपचूप थोडे थोडे झिजत होते. त्यांच्यातलं ॲल्युमिनियम ७ ला पाण्यात टिकत नाही, म्हणून तिथेच भुरा होऊन बसलं. आता सामू उतरल्यावर तोच भुरा परत विरघळतोय आणि विरघळताना प्रत्येक रेणूमागे तीन आम्ल-आयन गिळतोय. म्हणून ४.४ ला टेकू मिळाला. साहेबांचा ‘ॲल्युमिनियम बफर’ तो हाच. पाण्यातले ४ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम ही त्याचीच पावती.

पण हा टेकू उधारीचा. ते ॲल्युमिनियम खाली एखाद्या स्वच्छ ओढ्याला मिळालं की परत पांढरा भुरा होऊन बसेल आणि गिळलेलं आम्ल तिथे ओकेल. डब्यात ते दिसत नाही, ओढ्यात दिसतं.

बोटं दुखली. सिडेराइटचं उद्या लिहितो.

---

हापूसवाला

एवढं सगळं कशाला? चुना घाला की ढिगात. आमच्याकडे कोकणात जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत चुना घालतात, पिकं सुधारतात. खाणवाल्यांकडे काय पैशांची कमी आहे?

---

निवृत्त_खाणकरी

हापूसवाले, तुमची जमीन आंबट आहे, पण ती आम्लाचा कारखाना नाही. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातलं चुनखडीचं धुवून नेलं आणि ॲल्युमिनियम उरलं. म्हणजे तुमची बाग ह्या बाईंच्या ४.४ च्या पायरीची लांबची नातेवाईक आहे. चुना घातला की ती पायरीवरून वर येते आणि काही वर्षं तिथे राहते, कारण नवीन आम्ल फारसं तयार होत नाही. डंपात पायराइट रोज तयार करतोय.

घालतात हो चुना, चुनखडीही घालतात. पण दोन अडचणी येतात. ढीग तीस-चाळीस मीटरचा. पावसाचं पाणी त्यातून सगळीकडे सारखं उतरत नाही, आपल्या वाटा धरतं. चुनखडी एका थरात, पायराइट दुसऱ्या थरात, पाण्याची वाट तिसरीकडून, असं झालं की दोघांची गाठच पडत नाही. मी एका डंपावर चुनखडीचा जाड थर पाहिला होता, वरून पांढरा शुभ्र, आणि पायथ्याला पाणी विटकरी. कुठला डंप ते राहू दे.

दुसरं म्हणजे लोह भरपूर असलेलं आंबट पाणी चुनखडीला लागलं की तिच्यावर गेरूचं कवच चढतं. आत चुनखडी जिवंत आणि उपयोग शून्य. खडे मोठे असतील तर आणखी वाईट. म्हणून मिसळायचं तर आधीपासून, बारीक करून, गंधकाचा खडक आंबण्याच्या आत. एकदा सामू ४ च्या खाली गेला की लोह खाणारे जिवाणू धंद्याला लागतात, ते विरघळलेल्या लोहाला आणखी गंजवून त्रिसंयुजी करतात आणि ते लोह ऑक्सिजनपेक्षा जास्त जोमाने पायराइट फोडतं. मग चुना घालणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी.

आता सिडेराइट, सांगलीकरांसाठी. सिडेराइट हा साक्षीदार फितूर होणारा. आम्लात टाकला की फसफसतो (गरम आम्लात, थंडात जेमतेम), कार्बोनेट असल्याने आम्ल मारतो. पण त्यातून सुटतं लोह. ते लोह हवेत गंजतं, पाण्याशी संयोग होऊन तपकिरी साका बनतो आणि त्यात नेमकं तेवढंच आम्ल परत सोडतं जेवढं मारलं होतं. निव्वळ जमा शून्य. अँकेराइट ह्या लोह मिसळलेल्या दुसऱ्या कार्बोनेटचंही थोडं असंच, त्यातल्या लोहाच्या वाट्यापुरतं. सोबेकमध्ये शेवटी सोडा घालून उलट मोजणी करताना लोहाला गंजायला पुरेसा वेळ मिळाला नाही की सिडेराइट पूर्ण जमेला धरला जातो. म्हणून काही प्रयोगशाळा मध्येच हायड्रोजन पेरॉक्साइड घालून लोह जबरदस्तीने गंजवतात. तुमच्याकडे घालतात का विचारा. आणि तुमचा ५.७ ला दोन-तीन आठवडे रेंगाळला तिथे मला सिडेराइटचा वास येतोय. सोन्याच्या अशा पट्ट्यांमध्ये लोहाची कार्बोनेटं सर्रास असतात.

एक काम करा. मूळ नमुन्यातलं कार्बोनेटचं कार्बन वेगळं मोजलेलं असेल, तो आकडा द्या. आणि शक्य असेल तर क्ष-किरण विवर्तनाने खनिजं मोजून घ्या, मूळ नमुन्याची आणि डब्यातल्या चिमूटभराचीही.

---

कुळागर

विषयांतर होईल, पण विचारतोच. मी डिचोलीचा. आमच्याकडे लोहखनिजाचे डोंगराएवढे डंप आहेत, पावसात लाल पाणी येतं, शेतं भरतात. ते पाणी आम्ल असतं का?

---

निवृत्त_खाणकरी

लाल रंगावरून फसू नका. गोव्याचं खनिज हेमॅटाइट, गोएथाइट. लोह आधीच पुरतं गंजलेलं, सल्फाइड नाही, मग आम्ल बनणार कशातून? तुमच्या शेतात येतो तो गाळ, बारीक माती. त्याने पीक गुदमरतं, ते दुखणं खरंच आहे, पण जातकुळी वेगळी. आंबट पाणी उलट बऱ्याचदा काचेसारखं नितळ असतं. साका नंतर बसतो.

---

एडमंटनची_माहेरवाशीण

काकांचा जिना वाचून राहवलं नाही. माझं काम पाणी ढिगातून कसं उतरतं ह्याचं आहे, रसायनात मी कच्ची. पण ह्याच जिन्याचं सगळ्यात नीट मोजलेलं मैदानी उदाहरण आमच्या उत्तरेला आहे म्हणून सांगते.

डायविक ही हिऱ्यांची खाण. वायव्य प्रदेशात, यलोनाइफच्या ईशान्येला सुमारे ३०० किलोमीटर, लाक द ग्रा सरोवरात. जमीन बारमाही गोठलेली. हिरे किंबरलाइट नावाच्या खडकात, पण ते काढायला भोवतालचा ग्रॅनाइट फोडावा लागतो आणि त्या ग्रॅनाइटमध्ये बायोटाइट शिस्टचे (काळ्या अभ्रकाच्या पापुद्र्यांचा खडक) तुकडे आहेत. गंधक त्या शिस्टमध्ये, पिऱ्होटाइट ह्या पायराइटसारख्याच लोह-गंधकाच्या खनिजाच्या रूपात. खडकाची गंधकावरून तीन प्रकारांत वाटणी करतात: ०.०४ टक्क्यांच्या खाली, ०.०४ ते ०.०८ आणि त्याच्या वर. सांगलीकर, तुमच्या ०.५५ पुढे हे आकडे किती चिमुकले आहेत बघा.

तिथे विद्यापीठांनी मिळून २००४ ते २००६ मध्ये प्रयोगासाठी १५ मीटर उंचीचे ढीग उभारले, खाली अस्तर घालून, म्हणजे उतरलेलं सगळं पाणी पकडता येईल. जास्त गंधकाच्या ढिगात सरासरी गंधक भरलं ०.०५३ टक्के. एवढ्याशा गंधकाला मारायला टनाला पावणेदोन किलोसुद्धा चुनखडी लागत नाही. पण ग्रॅनाइटमध्ये कॅल्साइट नावालाच! तो गेला आणि पाणी आंबट झालं, आणि तिथेही ॲल्युमिनियमच्याच पायरीवर रेंगाळलं. कमी गंधकाचा ढीग बराच काळ उदासीनच राहिला. म्हणजे ‘गंधक किती’ हा प्रश्न एकटा विचारण्यात अर्थ नाही, ‘कुणाच्या शेजारी’ हेही विचारायला हवं.

आणखी दोन गोष्टी, ज्या डब्यात कळत नाहीत. ढीग वर्षातले कितीतरी महिने गोठलेला. पाणी वाहतं ते साधारण मे ते नोव्हेंबर. थंडीत पिऱ्होटाइट सुस्तावतो, पण फेल्डस्पारही सुस्तावतो. आम्ल आणि त्याला मारणारा दोघंही रजाईत, आणि दोघांची झोप सारखी नसते. आणि पहिली काही वर्षं पाण्यात नायट्रेट आलं, सुरुंगाच्या दारूचं उरलेलं. मला त्याचा फार उपयोग झाला, कारण ते कधी संपतं त्यावरून ढिगाचा कुठला भाग धुवून निघाला ते कळतं. पाण्याच्या वाटांना रंग लावल्यासारखं.

काका ज्याला ग्रॅनाइटचा ओटा म्हणतात त्याच्याबद्दल थोडी तक्रार. सिलिकेटं, म्हणजे फेल्डस्पार, अभ्रक वगैरे मंडळी, सगळी एका माळेतली नाहीत. सामू ५ जवळ कॅल्साइटचा वेग १ धरला तर ऑलिव्हिन, कॅल्शियमवाला फेल्डस्पार ०.६, क्लोराइट-बायोटाइट ०.४, सोडियमवाला फेल्डस्पार ०.०२, पोटॅशवाला ०.०१ आणि क्वार्ट्झ ०.००४, अशी एक वापरातली उतरंड आहे. ढोबळ आहे, पण ०.४ आणि ०.०१ मध्ये चाळीस पट फरक आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथ कॉम्प्लेक्सच्या खडकात कॅल्साइट नसल्यात जमा असूनही, गंधक कमी असेल तिथे प्लॅजिओक्लेज (कॅल्शियम-सोडियमवाला फेल्डस्पार) आणि ऑलिव्हिनच बराच काळ किल्ला लढवतात. हळू पळणारा शिपाईसुद्धा चालतो, चोर त्याच्याहून हळू असेल तर.

---

निवृत्त_खाणकरी

तक्रार मान्य. क्लोराइट-बायोटाइटच्या ०.४ बद्दल मात्र मी हात आखडता घेतो. तो आकडा ताज्या, दळलेल्या दाण्याचा. ढिगातल्या फुटभर धोंड्याच्या पोटात बसलेल्या अभ्रकाला पाणी कोण नेऊन देणार? पण गंधकही तिथेच पोटात अडकलेलं असतं म्हणा. असो, ह्यावर आमचे दोन साहेब कँटीनमध्ये तावातावाने भांडलेले मी पाहिलेत, उसळ गार झाली.

चोर-शिपाई आवडलं.

---

सडबरीची_सांगलीकर

काका, वही काढली. ५२ आठवड्यांची सरासरी अल्कलिनिटी ९१. मी खुर्चीतून उठून शेजारच्या टेबलावरच्या मुलीला दाखवायला गेले, तिला मराठी येत नसून.

कार्बोनेटचं कार्बन मूळ नमुन्यात ०.२१ टक्के. हे सगळं कॅल्साइट धरलं तर टनाला १७.५ किलो होतात. अहवालात कुणीतरी तसंच धरून ‘आम्ल मारणाऱ्यातला बराचसा भाग कार्बोनेटचा, म्हणून भरवशाचा’ असं वाक्य लिहून ठेवलंय. ते वाक्य मीच टंकलं होतं, सही साहेबांची.

क्ष-किरणाचा निकाल आज आला. मूळ नमुना: कॅल्साइट ०.८ टक्के, सिडेराइट १.१ टक्के, बाकी क्लोराइट, अल्बाइट (सोडियमवाला फेल्डस्पार), क्वार्ट्झ, थोडा अभ्रक. गुणाकार करून पाहिला, ०.८ चं आणि १.१ चं कार्बन मिळून बरोब्बर ०.२१ भरतं. डब्यातल्या चिमटीत कॅल्साइट मोजता येईल इतका नाही. तुम्ही ०.७ म्हणाला होतात, उरलेला ०.१ बहुतेक कवचाआड अडकलाय किंवा मोजणीतलं डावं-उजवं. सिडेराइट अर्ध्याहून कमी उरलाय. भिंगाखाली दाण्यांवर चहावरच्या सायीसारखी तपकिरी कड दिसते.

म्हणजे २९ ची फोड अशी: कॅल्साइटचे ८, सिडेराइटचे साडेनऊ (जे शून्य धरायचे) आणि उरलेले साडेअकरा गरम आम्लाने क्लोराइट वगैरेंकडून जबरदस्तीने वदवून घेतलेले. समोर १७.२ चं आम्ल. आता मला पडला का ह्यापेक्षा वर्षभर टिकला कसा ह्याचं आश्चर्य वाटतंय. पेरॉक्साइडबद्दल विचारलं. ‘ग्राहकाने मागितलं तरच’ असं उत्तर मिळालं.

---

निवृत्त_खाणकरी

वर्षभर टिकला तो डब्यात. तुम्ही आठवड्याला किलोभर खडकाला अर्धा लिटर पाणी देता. खऱ्या ढिगात किलोला तेवढं पाणी मिळायला कैक वर्षं जातात, म्हणून तुमचा ५२वा आठवडा म्हणजे तिथलं कितवं वर्ष, हे थेट सांगता येत नाही. साहेबांनी विचारलं तर सल्फेट आणि कॅल्शियमचं गुणोत्तर दाखवा, आठवडे दाखवू नका.

पुढे काय बघायचं ते सांगतो. सामू ४ च्या खाली सरकायला लागला आणि ॲल्युमिनियम आधी चढून मग हळूहळू उतरायला लागलं, तर भुऱ्याचा साठा संपत आला. त्यानंतर लोह चढेल. डब्याच्या काठाला मोहरीच्या पुडीसारखा पिवळा थर दिसला तर खरवडून ठेवा, तो जॅरोसाइट असू शकतो. तो आम्ल साठवून बसतो आणि नंतर वर्षानुवर्षं सोडत राहतो, पायराइट संपल्यावरसुद्धा. आणि कोरड्या हवेच्या तीन दिवसांत वर पांढरी-हिरवट बुरशीसारखी फुलं आली तर ती बुरशी नव्हे, हिराकशीच्या जातीची मिठं. पहिल्या पाण्याबरोबर ती एकदम उतरतात आणि त्या आठवड्याचा आकडा उडी मारतो. खऱ्या डंपावर उन्हाळ्यानंतरचा पहिला पाऊस म्हणूनच सगळ्यात घातक. मासे मरतात ते त्या दिवशी, भर पावसाळ्यात नव्हे.

डबा बंद करू देऊ नका.

---

सडबरीची_सांगलीकर

बंद करणारच होते, ७० आठवड्यांचंच पत्र होतं. मी कॅल्शियमचा आलेख, अल्कलिनिटीचा आलेख आणि ०.२१ ची फोड एका पानावर काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी बराच वेळ पाहिली, मग विचारलं, “हा ७ ग्रॅमचा हिशेब कुणी सुचवला?” मी म्हटलं, नागपूरच्या एका काकांनी. आणखी ४० आठवडे मंजूर झाले. अहवालातलं ते वाक्यही बदलतोय.

६८वा आठवडा: ४.३. ॲल्युमिनियम ६. निकेल पहिल्यांदाच दिसलं. पिवळा थर नाही.

आणि ओटा कडाप्प्याचाच आहे. आईला फोन करून विचारलं तर म्हणाली, गॅसच्या डाव्या बाजूला तू आठवीत असताना लिंबाच्या लोणच्याची बरणी लवंडली होतीस, तो डाग मी अजून रोज पुसते.